एड्सविरोधी लढाईत तरुण संशोधकांची कोंडी

सन १९८५ च्या अखेरची गोष्ट. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सेल्लप्पन निर्मला या ३२ वर्षांच्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय हवा होता. तिच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सुचवलेला विषय विलक्षण होता. भारतात एड्सचा विषाणू पोहोचला आहे काय, याचा शोध घेण्याचा. त्या काळी एड्स हा पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचा रोग समजला जाई आणि आपली संस्कृती हेच आपले कवच, असे छातीठोकपणे सांगितले जाई. निर्मला यांनी शहरातील महिला सुधारगृहात जाऊन तेथील स्त्रियांच्या रक्ताचे ऐंशीहून अधिक नमुने गोळा केले. हातमोजे नव्हते, संरक्षक साधने नव्हती. बसभाडे वाचावे म्हणून पती स्कूटरवरून सोडत. वेगळे केलेले रक्तद्रव घरच्या फ्रिजमध्ये ठेवले जाई. फेब्रुवारी १९८६ मध्ये हे नमुने रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेण्यात आले. त्यांपैकी सहा नमुन्यांत विषाणूची लागण आढळली. भारतातील एचआयव्हीचा हा पहिला पुरावा होता.

हा शोध एका नवख्या संशोधिकेने जवळजवळ रिकाम्या हाताने लावला. याचे कौतुक करताना त्यातील दुसरी बाजू मात्र नजरेआड होते. विषय सुचवणाऱ्या, प्रयोगशाळेचे दार उघडणाऱ्या आणि पाठीशी उभ्या राहणाऱ्या डॉ. सॉलोमन (मद्रासमधील मराठी कुटुंबातील या विदुषीचे माहेरचे आडनाव गायतोंडे) तेथे नसत्या, तर सहा बाधितांची ती बातमी आणखी काही वर्षे कोणाला कळली नसती. त्या काही वर्षांची किंमत किती झाली असती, याचा अंदाज करणेही अवघड आहे.

चार दशकांनंतर एचआयव्ही प्रतिबंध आणि उपचार या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या संशोधकांना कोण उभे करणार, हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. या क्षेत्राला जगात सर्वाधिक पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेने २०२५ मध्ये हात आखडता घेतला. त्याच वर्षी भारत सरकारने तरुण जैववैद्यक संशोधकांसाठीच्या एका योजनेचा नवा टप्पा मंजूर केला. या दोन घटनांमधील अंतर केवळ भौगोलिक नाही.

पहिली पायरीच सर्वांत उंच

वैज्ञानिक संशोधनाला अनुदान देण्याची जगन्मान्य पद्धत स्पर्धेची आहे. संशोधकाने प्रस्ताव लिहायचा, त्या विषयातील जाणकारांनी तो तपासायचा, गुण द्यायचे आणि वरच्या क्रमांकांना पैसा मिळायचा. वरकरणी ही पद्धत निर्दोष वाटते. परंतु प्रस्तावाबरोबर प्राथमिक निष्कर्ष द्यावे लागतात आणि प्राथमिक निष्कर्षांसाठी आधी पैसा लागतो. ज्याची प्रयोगशाळा वीस वर्षे चालली आहे, त्याच्याकडे असे निष्कर्ष कपाटात तयार असतात. ज्याने गेल्या वर्षी पदभार स्वीकारला, त्याच्याकडे फक्त कल्पना असते. लग्नाशिवाय घर मिळत नाही आणि घराशिवाय लग्न ठरत नाही, अशी ही मुंबईकरांच्या परिचयाची अडचण आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची, म्हणजेच एनआयएचची आकडेवारी या बाबतीत बोलकी आहे. स्वतंत्र संशोधकाची ओळख मानले जाणारे ‘आर-०१’ हे अनुदान प्रथम मिळवणाऱ्यांचे सरासरी वय १९८० च्या सुमारास पस्तीस-छत्तीस होते. ते पुढे बेचाळिशीच्याही पलीकडे गेले. वैद्यकीय पदवीधारकांच्या बाबतीत ते त्याहून अधिक आहे. फ्रान्समधील पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी यांनी एड्सचा विषाणू वेगळा केला, तेव्हा, १९८३ मध्ये, त्या ३५ वर्षांच्या होत्या. त्या कामासाठी २००८ चे नोबेल पारितोषिक त्यांना ल्यूक माँतान्ये यांच्यासह मिळाले. आजच्या अमेरिकी मोजमापाने त्या वयात त्यांची गणना अनुदानाच्या रांगेत ताटकळणाऱ्यांत झाली असती.

ही कोंडी अमेरिकी धोरणकर्त्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. शेवटची पदवी किंवा वैद्यकीय प्रशिक्षण पूर्ण होऊन दहा वर्षे झालेली नाहीत आणि ज्यांना मोठे अनुदान मिळालेले नाही, अशांचा वेगळा गट एनआयएचने केला. त्यांच्या प्रस्तावांना झुकते माप देण्याची सोय झाली. २००६ मध्ये प्रशिक्षणाची शेवटची दोन वर्षे आणि स्वतंत्र कामाची पहिली तीन वर्षे यांना जोडणारे अनुदान सुरू झाले. त्याला अमेरिकी नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे भारतातून गेलेल्या अनेक तरुणांसाठी ते प्राध्यापकपदाचे प्रवेशद्वार ठरले. २०१६ च्या कायद्यानंतर पुढील वर्षी नव्या पिढीच्या संशोधकांसाठी स्वतंत्र उपक्रमही आखला गेला.

एचआयव्हीच्या क्षेत्रात याहून निराळी एक व्यवस्था १९८८ पासून चालत आली. अमेरिकी विद्यापीठांतील एड्स संशोधन केंद्रांना मिळणाऱ्या रकमेतील काही हिस्सा नवख्यांना छोट्या अनुदानांच्या रूपाने दिला जातो. वर्ष-दोन वर्षांच्या कामातून प्राथमिक निष्कर्ष हाती यावेत आणि त्या आधारे मोठा प्रस्ताव लिहिता यावा, एवढाच त्याचा हेतू. ‘एम्फार’ ही खासगी संस्था आणि आंतरराष्ट्रीय एड्स सोसायटी यांच्याही तरुणांसाठी अशाच योजना आहेत. रकमा लहान असतात, पण पहिली पायरी चढण्यासाठी हात देणाऱ्या त्याच असतात.

हे क्षेत्र वेगळे का?

कर्करोग किंवा हृदयविकाराच्या क्षेत्रातही तरुणांची ओढाताण होते. मग एचआयव्हीचे वेगळेपण कशात, असा प्रश्न विचारता येईल. त्याचे उत्तर या रोगाच्या सामाजिक स्वरूपात आहे. ज्यांना लागणीचा धोका सर्वाधिक, ते लोक समाजाच्या कडेला असतात. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुईने अमली पदार्थ घेणारे, स्थलांतरित मजूर. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर आधी विश्वास मिळवावा लागतो आणि विश्वास तीन महिन्यांच्या मुदतीत मिळत नाही. बुधवार पेठेत किंवा कामाठीपुऱ्यात प्रश्नावली घेऊन गेलेल्या संशोधकाला पहिले अनेक दिवस फक्त चहा पिऊन परत यावे लागते. अनुदानाचा हिशेब मागणाऱ्या कोणत्याही तक्त्यात त्या चहाला जागा नसते.

दुसरी गोष्ट काळाची. प्रतिबंधाचा उपाय लागू पडतो की नाही, हे ठरवण्यासाठी शेकडो किंवा हजारो माणसांना वर्षानुवर्षे तपासावे लागते. मध्येच पैसा थांबला तर केवळ वेळ वाया जात नाही, त्या माणसांचा विश्वासही जातो. औषधाचा प्रयोग अर्धवट सोडला, तर सहभागी व्यक्तींच्या आरोग्याची जबाबदारी कोणाची, हा नैतिक पेच उभा राहतो. ज्येष्ठ संशोधक एका अनुदानाची झीज दुसऱ्यातून भरून काढू शकतो. नवख्याकडे दुसरे अनुदानच नसते.

आणि तरीही या क्षेत्राला कलाटणी देणारे प्रश्न पुष्कळदा नव्यांनीच विचारले. १९९७ मध्ये पुण्यातील डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गुप्तरोग चिकित्सालयात येणाऱ्या ९१६ स्त्रियांची त्यात तपासणी झाली होती. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या बाधित असाव्यात, यात धक्कादायक असले तरी अनपेक्षित काही नव्हते. अनपेक्षित होते ते दुसऱ्या गटातील प्रमाण. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांतही १३.६ टक्के बाधित निघाल्या. यातील बहुसंख्य विवाहित होत्या आणि पतीखेरीज त्यांचा कोणाशीही संबंध नव्हता. ‘आम्ही घरंदाज, आम्हाला काय भीती’ या समजुतीला या अभ्यासाने सुरुंग लावला. पुढे गर्भवतींच्या तपासणीला आणि विवाहित स्त्रियांच्या समुपदेशनाला जे महत्त्व आले, त्याची पार्श्वभूमी अशा अभ्यासांनी तयार केली. हेच डॉ. गंगाखेडकर २०२० मध्ये करोनाच्या साथीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएमआरचा चेहरा म्हणून देशाला परिचित झाले. एका साथीत घडलेला संशोधक दुसऱ्या साथीत कामी येतो, तो असा.

पुण्याचा अनुभव

नव्या संशोधकांत केलेली गुंतवणूक काय देऊ शकते, हे पाहण्यासाठी पुण्यापलीकडे जाण्याची गरज नाही. भोसरी येथे १९९२ मध्ये आयसीएमआरने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. ‘नारी’ या नावाने परिचित असलेल्या या संस्थेचे कार्यक्षेत्र आता विषाणूशास्त्रापर्यंत विस्तारले असून तिचे नावही बदलले आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी या संस्थेचे आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे सहकार्य दीर्घकाळ चालले. त्यातून केवळ शोधनिबंध निघाले नाहीत, माणसे घडली.

ससून रुग्णालयाशी संलग्न असलेल्या बी. जे. मध्ये बाधित मातांच्या अर्भकांना नेव्हिरापीन हे औषध सहा आठवडे दिल्यास स्तनपानातून होणाऱ्या लागणीचा धोका घटतो काय, याचा अभ्यास झाला. भारत, इथिओपिया आणि युगांडा या तीन देशांतील एकत्रित निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळाला अंगावर पाजावे की नाही, या प्रश्नाने ग्रासलेल्या गरीब आईसाठी ते निष्कर्ष किती मोलाचे होते, हे सांगण्याची गरज नाही.

त्याहून मोठी घटना २०११ मधील. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा अभ्यास करून असे सिद्ध झाले, की बाधित जोडीदाराला लवकर औषधोपचार सुरू केल्यास दुसऱ्याला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. या अभ्यासाची भारतातील केंद्रे पुणे आणि चेन्नई येथे होती. चेन्नईतील केंद्र डॉ. सुनीती सॉलोमन यांनी वडिलांच्या नावे १९९३ मध्ये स्थापन केलेल्या वाय. आर. गायतोंडे केंद्राचे. ‘सायन्स’ या नियतकालिकाने त्या वर्षातील सर्वांत मोठा शोध म्हणून याची निवड केली. उपचार हाच प्रतिबंध, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निदान होताच उपचार सुरू करण्याची शिफारस केली आणि भारताने २०१७ मध्ये ती स्वीकारली. महाराष्ट्रातील उपचार केंद्रांवर आज ज्याला निदान होताच औषध मिळते, त्याच्या गोळीमागे पुण्यातील शेकडो जोडप्यांचे आणि तेथील संशोधन सहायकांचे श्रम आहेत.

या सर्व कामाला पैसा मुख्यतः एनआयएचकडून आला. याच संस्थेच्या फोगार्टी केंद्राने १९८८ पासून विकसनशील देशांतील तरुणांना एड्स संशोधनाचे प्रशिक्षण दिले. दक्षिण आफ्रिकेत क्वारैशा अब्दुल करीम यांच्या पुढाकाराने चाललेल्या अशा एका कार्यक्रमातून सहाशेहून अधिक वैज्ञानिक तयार झाले. आफ्रिकेतील आजच्या एड्स संशोधनाचा कणा त्यांतील अनेकांनी बनला आहे.

२०२५ चा धक्का

नेमक्या याच कण्यावर २०२५ मध्ये आघात झाला. जानेवारीत सत्तेवर आलेल्या ट्रम्प प्रशासनाने परदेशी मदत गोठवली. यूएसएड ही संस्था जुलैपर्यंत मोडीत निघाली आणि तिच्या पैशावर चाललेला दक्षिण आफ्रिकेतील लसनिर्मितीचा मोठा उपक्रम बंद पडला. १ मे रोजी एनआयएचने परदेशी संस्थांना अमेरिकी अनुदानातून हिस्सा देण्याची जुनी पद्धत नवी रचना होईपर्यंत स्थगित केली. ३० मे रोजी ड्यूक विद्यापीठ आणि स्क्रिप्स संस्था यांच्या नेतृत्वाखालील लस संशोधनाचा २५ कोटी ८० लाख डॉलरचा कार्यक्रम पुढे चालू न ठेवण्याचा निर्णय कळवण्यात आला. समलिंगी आणि तृतीयपंथी समूहांशी संबंधित अनेक अनुदाने रद्द झाली. जूनमध्ये कनिष्ठ न्यायालयाने हे बेकायदा ठरवले, परंतु ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारला ती थांबवण्याची तूर्त मुभा दिली.

मथळ्यांत आल्या त्या या मोठ्या रकमा. तरुणांना अधिक जाचक ठरले ते काही शांत बदल. त्या वर्षी अनेक अनुदानांची पूर्ण मुदतीची रक्कम पहिल्याच वर्षी एकरकमी देण्याचे धोरण आले. पूर्वी एका वर्षाच्या पैशात जितके नवे प्रस्ताव मंजूर होत, त्याहून कमी मंजूर होणार, हे साधे गणित आहे. जागा घटल्या की परीक्षक सुरक्षित नावांकडे वळतात. दुसरीकडे विद्यापीठांना मिळणारा अप्रत्यक्ष खर्च १५ टक्क्यांवर आणण्याची घोषणा फेब्रुवारीत झाली. न्यायालयाने ती रोखली, तरी अनिश्चितता राहिली आणि विद्यापीठे नव्या नेमणुकांबाबत सावध झाली. सप्टेंबरमध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. पुण्या-मुंबईतून पीएच.डी. करून बोस्टन किंवा बाल्टिमोरला गेलेल्या आणि आता कायम पदाच्या शोधात असलेल्या तरुणासाठी हे तिहेरी संकट होते. अनुदान आक्रसले, पद मिळेना आणि व्हिसा महागला.

प्रशासनाच्या २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात एनआयएचच्या निधीत सुमारे ४० टक्के कपात आणि फोगार्टी केंद्र बंद करण्याची तरतूद होती. संसदेच्या दोन्ही सभागृहांतील खर्चविषयक समित्यांनी इतकी कपात २०२५ मध्येच नाकारली. यातून एक दिलासा मिळतो आणि एक धडाही. दिलासा असा, की अमेरिकी लोकप्रतिनिधींना संशोधनाचे मोल कळते. धडा असा, की पैसा पुन्हा आला तरी गेलेली माणसे परत येतातच असे नाही. प्रयोगशाळा सोडून औषध कंपनीत किंवा सल्लागार संस्थेत गेलेला पस्तिशीचा संशोधक पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहत बसत नाही.

भारताचा हिशेब

या पार्श्वभूमीवर भारत कोठे आहे? देशात सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधित आहेत. प्रौढांतील प्रमाण ०.२ टक्के इतके कमी असले, तरी लोकसंख्येमुळे एकूण आकडा मोठा होतो आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे. २०१० ते २०२३ या काळात नव्या लागणींत सुमारे ४४ टक्के घट झाली. जगाची घट ३९ टक्के होती. हे यश निःसंशय मोठे आहे. मात्र एप्रिल २०२१ ते मार्च २०२६ या काळासाठी १५,४७१.९४ कोटी रुपयांची तरतूद करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याने ८० टक्के घटीचे उद्दिष्ट ठेवले होते. ४४ आणि ८० यांतील अंतर जुन्याच उपायांनी भरून निघेल, अशी चिन्हे नाहीत.

सोपे काम झाले आहे, उरले ते अवघड आहे. मिझोरममध्ये प्रौढांतील प्रमाण अडीच टक्क्यांच्या पुढे आहे आणि तेथील साथीच्या मुळाशी सुईतून घेतले जाणारे अमली पदार्थ आहेत. महानगरांत अनोळखी व्यक्तींच्या भेटी आता ठरावीक नाक्यावर किंवा लॉजमध्ये नव्हे, तर मोबाइलवर ठरतात. तेथे पथनाट्य आणि पोस्टर पोहोचत नाहीत. उपचारामुळे आयुष्य वाढलेले रुग्ण पन्नाशी-साठी गाठत असून त्यांच्यात हृदयविकार, मधुमेह, हाडांची झीज हे नवे प्रश्न आहेत. भारतासह बारा देशांतील ७,७६९ रुग्णांच्या अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवून दिले, की कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या एका औषधाने अशा रुग्णांतील हृदयविकाराच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी घटतात. पुढचे प्रश्न या जातीचे आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी मोबाइलच्या जगात वाढलेली, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्ही जाणणारी नवी पिढी हवी.

तरुणांसाठी योजना नाहीत असे म्हणता येणार नाही. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘इंडिया अलायन्स’ने संशोधनवृत्तीच्या क्षेत्रात नवा पायंडा पाडला. १ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमाचा तिसरा टप्पा मंजूर केला. १,५०० कोटी रुपयांपैकी १,००० कोटी भारत आणि ५०० कोटी वेलकम देणार आहे. दोन हजारांहून अधिक विद्यार्थी आणि संशोधक त्यातून घडतील, अशी अपेक्षा आहे. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी संशोधनवृत्ती आहे. २०२३ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने नवख्यांसाठी पंतप्रधानांच्या नावे स्वतंत्र अनुदान सुरू केले.

त्रुटी आहेत त्या वेगळ्याच ठिकाणी. पहिली, संशोधन आणि विकासावरील देशाचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच आहे. दुसरी, या सर्व योजना सर्व विषयांसाठी खुल्या आहेत. तेथे एचआयव्हीचा प्रस्ताव कर्करोग, मधुमेह, जनुकशास्त्र यांच्याशी स्पर्धा करतो. एड्स आटोक्यात आला, ही समजूत परीक्षकांच्या मनातही असू शकते. तिसरी, एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर प्रतिबंध, तपासणी आणि औषधवाटपावर आहे. ते योग्यच आहे. परंतु उपचार केंद्रात रोज शंभर रुग्ण तपासणारा तरुण डॉक्टर जे पाहतो, ते शास्त्रीय पद्धतीने तपासून पाहण्यासाठी त्याला ना वेळ मिळतो ना पैसा. चौथी, संशोधनवृत्तीची रक्कम महिनोन्महिने न मिळणे हा विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडलेला अनुभव आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तिशीच्या संशोधकाला उशिरा मिळालेला पैसा आणि न मिळालेला पैसा यांत फारसा फरक वाटत नाही.

यात नियमांचा गुंताही आहे. परदेशी सहकार्याच्या प्रत्येक आरोग्य संशोधन प्रकल्पाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली देणगी दुसरीकडे वळवण्यास मनाई केली. गैरव्यवहार रोखण्याचा हेतू मान्य केला, तरी वस्तीत काम करणाऱ्या छोट्या संस्थांना सोबत घेतल्याशिवाय ज्या क्षेत्रात पाऊलही टाकता येत नाही, तेथे या बंधनाचा फटका मोठा बसतो.

‘औषध आहे, मग संशोधन कशाला?’

या सर्व मांडणीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो दुर्लक्षणीय नाही. औषधे आहेत, निरोध आहेत, तपासणी आहे. मग आहे तो पैसा नव्या संशोधनावर घालवण्यापेक्षा रुग्णांपर्यंत औषध पोहोचवण्यावर का खर्च करू नये? जगात २०२४ मध्ये सुमारे १३ लाख लोकांना नव्याने लागण झाली आणि सहा लाखांहून अधिक मृत्यू झाले. या मृत्यूंतील बहुतेक, औषध ठाऊक असूनही ते वेळेवर न मिळाल्याने झाले, हे खरे आहे.

परंतु औषध पोहोचत का नाही, हाही संशोधनाचाच विषय आहे. रोज गोळी घेणे अनेकांना का जमत नाही, याचा शोध घेता घेताच दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनची कल्पना पुढे आली. वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविरने दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील चाचणीत २०२४ मध्ये सर्वांना थक्क केले. ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. हे औषध विषाणूच्या ज्या कवचावर घाव घालते, त्याची रचना उलगडण्याचे काम अमेरिकेतील युटा विद्यापीठात वेस्ली सुंडक्विस्ट यांनी १९९० च्या दशकात, तरुण प्राध्यापक असताना हाती घेतले होते. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कोणी सांगू शकले नसते. पेरणी आणि सुगी यांत तीस वर्षांचे अंतर होते.

आज त्या सुगीत भारताचाही वाटा आहे. मूळ कंपनीने २०२४ मध्ये ज्या सहा उत्पादकांना १२० देशांसाठी स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना दिला, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांनी २०२७ पासून माणशी वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये हे औषध देण्याचे २०२५ मध्ये मान्य केले. औषध बनवण्यात भारताचा हात कोणी धरू शकत नाही. ते कोणाला, कोठे, कसे द्यावे, याचे भारतीय उत्तर मात्र भारतीय संशोधकांनाच शोधावे लागेल. कामाठीपुऱ्यातील स्त्री सहा महिन्यांनी दुसऱ्या इंजेक्शनसाठी परत येईल काय, ती तोवर मुंबईतच असेल काय, या प्रश्नांची उत्तरे केपटाउनहून आयात करता येत नाहीत.

काय करता येईल?

उपाय फार खर्चिक नाहीत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या एकूण तरतुदीतील अगदी छोटा हिस्सा नव्या संशोधकांसाठी राखून ठेवला आणि त्याची निवड आयसीएमआरसारख्या संस्थेकडे सोपवली, तरी चित्र बदलू लागेल. अमेरिकी एड्स संशोधन केंद्रांच्या धर्तीवर लहान रकमा, साधा अर्ज आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय ही त्याची त्रिसूत्री असावी. उपचार केंद्रांतील तरुण डॉक्टरांना आठवड्यातील एक-दोन दिवस संशोधनासाठी मोकळे देता येतील. प्रत्येक नवख्यामागे एक जाणता मार्गदर्शक असेल, ही अट अनुदानातच घालता येईल. परदेशातून परतू इच्छिणाऱ्यांसाठी हीच वेळ साधून दारे उघडता येतील. अमेरिकेने ज्यांना दारात उभे केले, त्यांना घरात घेण्याची अशी संधी वारंवार येत नाही. पण त्यांना बोलवायचे तर प्रयोगशाळा, पद आणि वेळेवर वेतन या तीन गोष्टींची हमी द्यावी लागेल. केवळ मातृभूमीच्या ओढीवर भिस्त ठेवून चालणार नाही.

निर्मला यांनी मार्च १९८७ मध्ये तमिळनाडूतील एड्सच्या पाहणीवरचा आपला प्रबंध सादर केला आणि पुढे त्या चेन्नईच्या किंग संस्थेत नोकरीला लागल्या. देशाला खडबडून जागे करणाऱ्या या संशोधिकेचे नाव पुढे कितीतरी वर्षे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. घरच्या फ्रिजमध्ये नमुने ठेवून झालेल्या त्या शोधाची कथा आज अभिमानाने सांगितली जाते. मात्र त्यातून ‘जिद्द असली की पैसा लागत नाही’ असा निष्कर्ष काढणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. निर्मला यांना यश मिळाले ते साधनांच्या अभावामुळे नव्हे, अभाव असूनही मिळाले. अशी किती कामे अभावामुळे सुरूच झाली नाहीत, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडत नाही.